पाठीवरची खळी आणि मज्जारज्जूतलं गळू

अकरा महिन्यांची मुलगी. चार दिवस ताप, आणि आईचं एक वाक्य: "डायपर बदलायला पाय उचलले की किंचाळते." केसपेपरवर ताप पहिल्या ओळीत गेला, आईचं वाक्य तिसऱ्या. उलटं लिहायला हवं होतं. ताप आलेली बाळं रोजच येतात. पण पाय उचलले की कंबर वाकते, आणि तेवढ्यानेच बाळ किंचाळत असेल तर दुखणं कुठे आहे ते बाळाने सांगून झालेलं असतं.

हे प्रकरण एका बाळाचं म्हणून सांगते आहे, पण कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील दोन-तीन बाळांचे एकत्र केले आहेत. घटनांचा क्रम, आमचे निर्णय आणि चुका मात्र अशा प्रकरणांत जशा होतात तशाच ठेवल्या आहेत.

आधी काय घडलं होतं

मुलगी पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २.९ किलो. जन्मल्याबरोबर रडली, दुसऱ्या दिवशी घरी गेली. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर एक नोंद होती: 'कमरेखाली बारीक खळी, बाकी ठीक.' खळी हा गोड शब्द आहे. गालावर पडते ती खळी, आणि गालावरच्या खळीची कुणी तपासणी करत नाही. 'कमरेच्या मध्यरेषेवर छिद्र' असं लिहिलं असतं तर पुढच्या डॉक्टरने निदान ते कुठवर जातं हे तरी विचारलं असतं.

सातव्या महिन्यात तिला मेंदूज्वर झाला. ताप, चिडचिड, फुगलेली टाळू, दोन उलट्या. कमरेतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासलं, तर त्यात पांढऱ्या पेशी भरपूर, बहुतेक न्यूट्रोफिल, साखर कमी. म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही, कारण आधी तीन दिवस तोंडाने अँटिबायोटिक चालू होतं. चौदा दिवस शिरेतून औषध दिल्यावर मुलगी खडखडीत बरी झाली, आणि जंतू कोणता, तो आत शिरला कुठून, हे दोन्ही प्रश्न तिथेच राहिले.

नंतर जुने कागद चाळताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी थोडा वेळ खुर्चीत नुसती बसून राहिले. तेव्हा पाणी काढायला सुई घातली होती ती कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधल्या जागेत. जागा पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण छिद्र तिथून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर खाली होतं. कातडी जंतुनाशकाने पुसताना ते हाताखालून गेलं असणार. शिवाय या मुलीचा मज्जारज्जू सर्वसाधारण बाळासारखा पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपत नव्हता, तो थेट चौथ्यापर्यंत उतरलेला होता. सुई मज्जारज्जूत घुसली नाही हे त्या मुलीचं नशीब.

तो मेंदूज्वर आणि आमच्याकडे येणं, या दोहोंच्या मधल्या काळात आईला डायपरच्या वरच्या कडेवर दोन-तीनदा पिवळट ठिपका दिसला होता. तिने दाखवला. घामोळं किंवा घर्षण समजून वरून लावायचं मलम मिळालं. डायपर घासतो त्याच जागी ठिपका होता, तेव्हा तसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

आली तेव्हा

आमच्याकडे आली ती सकाळी अकरा वाजता. आदल्या ठिकाणी लघवीत पूपेशी आढळल्या होत्या, म्हणून मूत्रमार्गाचा संसर्ग धरून दोन दिवस औषध चालू होतं. निदान चूक नव्हतं, अपुरं होतं. लघवीत पूपेशी का, तर मूत्राशय रिकामंच होत नव्हतं. आणि ते रिकामं का होत नव्हतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

ताप १०२ फॅरनहाइट, वजन ८.२ किलो. महिन्याभरापूर्वी पलंगाला धरून उभी राहायची, पाच दिवसांपासून उभी राहत नव्हती. घरच्यांना वाटलं, तापाने अशक्तपणा आला. आजीने वेगळंच काही सांगितलं: "डॉक्टर, आंघोळ घालताना पूर्वी पायाने पाणी उडवायची. आता डावा पाय नुसता पडलेला असतो." हे ऐकल्यावर तिचे दोन्ही पाय नीट पाहिले. उजवा उचलत होती, पण टिकवून धरत नव्हती. डावा गुडघ्यात थोडा हलायचा, घोट्यापासून खाली काहीच नाही. तळव्याला टोचलं तर उजवा पाय ओढून घ्यायची, डाव्याला टोचल्यावर नुसती बघायची.

मान ताठ नव्हती. इतक्या लहान वयात ती नसली म्हणजे मेंदूज्वर नाही असं ठरत नाही. पाठ मात्र फळीसारखी. उचलून मांडीवर बसवायला गेलं की कमान करून मागे झुकायची.

पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत एक घट्ट गोळा लागला. आई म्हणाली, "लघवी तर होतेय डॉक्टर, डायपर सारखा ओलाच असतो." सारखा ओला असणं हीच तक्रार होती. भरलेल्या टाकीतून पाणी ओसंडावं तसं मूत्राशय ओसंडत होतं. नळी घातल्यावर १६० मिलिलीटर लघवी निघाली, तीही या वयात मूत्राशयात साधारण ६५ मिलिलीटरच मावत असताना. गुदद्वाराचा स्नायू सैल होता, आणि चार दिवस शी झालेली नव्हती.

मग तिला पालथं घातलं. खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, पण कुठल्याही बाळाला पालथं घालायची पाळी शेवटीच येते. गुदद्वारापासून सहा सेंटिमीटर वर, नितंबांमधली घळ जिथे सुरू होते त्याच्याही वर, बरोबर मध्यरेषेवर दोन मिलिमीटरचं छिद्र. भोवती लालसर कडं, आतून बाहेर आलेला एकच केस, आणि कडेला सुकलेल्या स्रावाची खपली.

ते छिद्र काय होतं

गर्भाच्या पहिल्या महिन्यात पाठीवरचा एक पट्टा आत वळून नळी बनतो. त्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ही नळी साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते आणि वरची कातडी तिच्यापासून सुटी होते. शिवण पूर्ण झाल्यावर दोरा तोडावा तसं हे सुटणं. क्वचित एखाद्या जागी दोरा तुटत नाही. मग कातडीपासून आत मज्जारज्जूपर्यंत, कातडीचंच अस्तर असलेली एक बारीक नळी राहून जाते. तिला जन्मजात त्वचा-नलिका म्हणतात. साधारण अडीच हजार जन्मांमागे एक असं प्रमाण सांगितलं जातं. बहुतेक नलिका कमरेत आणि त्रिकास्थीवर, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर, असतात, त्याखालोखाल डोक्याच्या मागच्या बाजूला.

ही नळी आत सरळ जात नाही, तिरकी वर चढते. गर्भ वाढताना कणा मज्जारज्जूपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे मज्जारज्जूचं टोक कण्याच्या मानाने वर सरकतं आणि नळीचं आतलं टोक सोबत ओढून नेतं. म्हणून कातडीवरच्या छिद्राच्या आणि आतल्या गाठीच्या पातळीत दोन-तीन मणक्यांचं अंतर पडू शकतं. नळी घट्ट असली तर मज्जारज्जूलाच वर सरकू देत नाही, खाली बांधून ठेवते. आणि आतल्या टोकाशी कातडीच्या पेशी साठून डर्मॉइड नावाची गाठ होऊ शकते. तिच्यात केस, तेलकट स्राव आणि कातडीचा कोंडा असतो. जंतूंना यापेक्षा सोयीची जागा कुठे मिळणार?

बाळ डायपरमध्ये असताना त्या छिद्राच्या तोंडाशी काय असतं हे सांगायला नको. कातडीवरचा स्टॅफिलोकोकस तर असतोच, शिवाय शीमधले ई. कोलाय, प्रोटियस आणि हवेशिवाय वाढणारे जंतू असतात. मोठ्या माणसाला क्वचितच होणारा मज्जारज्जूच्या आतला पू या बाळांना का होतो, याचं उत्तर एवढंच आहे.

हे नवं ज्ञान नाही. मज्जारज्जूच्या आतल्या गळूचं पहिलं वर्णन हार्ट यांनी १८३० मध्ये केलं. वॉकर आणि ब्यूसी यांनी १९३४ साली या नलिकेला नाव देताना लेखाच्या शीर्षकातच तिला कण्यातल्या संसर्गाचं उगमस्थान म्हटलं होतं. तेव्हा ना एमआरआय होतं ना सोनोग्राफी. त्यांना पाठ बघावीच लागत होती.

पाणी काढायचं की नाही

आमच्या निवासी डॉक्टरने विचारलं, "मॅडम, आधी पाणी काढू या का? मेंदूज्वर आहे की नाही ते तरी कळेल." प्रश्न रास्त होता. ताप आणि ताठ पाठ असलेल्या बाळाचं पाणी तपासायचं हेच आपण शिकवतो. पण पाठीवर मध्यरेषेत छिद्र आणि पायांत अशक्तपणा, असं दोन्ही असेल तर कमरेत सुई घालायची नाही. कारणं तीन. मज्जारज्जू खाली बांधलेला असू शकतो, मग सुई थेट त्यातच जाईल. सुईच्या वाटेत पू असला तर तो तोपर्यंत स्वच्छ असलेल्या पोकळीत नेऊन सोडला जाईल. आणि गळूच्या वरच्या-खालच्या दाबात फरक असेल तर खालून पाणी काढल्यावर पाय आणखी लुळे पडू शकतात. शिवाय मिळणाऱ्या उत्तराने करायचं काय? मेंदूज्वर असो वा नसो, अँटिबायोटिक द्यायचंच होतं आणि एमआरआय करायचंच होतं.

त्या छिद्रात सळई घालून खोली बघायची नाही, आत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढायचा नाही, दाबून पू निघतो का तेही बघायचं नाही. हे मी एरवी एकदाच सांगते. त्या दिवशी खाटेशी असलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं, कारण छिद्र दिसलं की काहीतरी आत घालून बघायचा मोह माणसाला होतोच.

रक्ताचं कल्चर घेतलं आणि बारा वाजता औषधं सुरू केली: व्हॅन्कोमायसिन, सेफ्ट्रायक्झोन आणि मेट्रोनिडॅझोल. तिसरं औषध अनेकदा राहून जातं. मेंदूज्वराच्या नेहमीच्या यादीत ते नसतं, पण इथे जंतू शीमधून आलेले असण्याची शक्यता होती.

दुसऱ्या शक्यताही मनात होत्या. चालायचं किंवा उभं राहायचं सोडून दिलेल्या तान्ह्या मुलात मणक्यांमधल्या चकतीचा संसर्ग आठवायलाच हवा. सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांत किंगेला किंगे नावाचा जंतू तिथे बऱ्याचदा सापडतो. पण त्यात मूत्राशय असं भरून राहत नाही आणि एक पाय असा पडत नाही. खुब्याच्या सांध्यातला पू, हातापायांची ताकद उतरवणारा गियाँ-बारे आजार, कण्याचा क्षय हे सगळं बोलून झालं. पाठीवरच्या छिद्राने मात्र वाद फार वेळ चालू दिला नाही.

एमआरआयला पाच वाजले. मुलीने साडेदहाला वरचं दूध घेतलं होतं आणि भूल द्यायला सहा तास पोट रिकामं हवं होतं. नियम बरोबर आहे. पण पाय डोळ्यांदेखत जात असताना श्वासनलिकेत नळी घालून, पोट भरलेलं आहे असं धरूनच भूल देता येते. भूलतज्ज्ञाशी तेवढा वाद मी घालायला हवा होता. घातला नाही. दुपारी दोनला उजवा पाय उचलला जात होता, चारला फक्त सरकत होता.

चित्रात दिसलं ते असं. छिद्रापासून निघालेली नळी, पाचव्या मणक्याची मागची कमान अर्धवट जुळलेली, तिथून कण्याच्या आत शिरून वर चढलेली. मज्जारज्जूचं टोक चौथ्या मणक्यापाशी. त्या टोकाच्या आत तीन सेंटिमीटर लांबीचं गळू, कडेने रंगद्रव्य घेऊन कड्यासारखं उजळलेलं. सूज पार छातीच्या नवव्या मणक्यापर्यंत. मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या नव्हत्या. एमआरआयच्या डिफ्युजन नावाच्या चित्रात आतला भाग पांढराशुभ्र, पण त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. पूही तसाच दिसतो आणि कातडीच्या पेशींची निर्जंतुक गाठही. दोन्ही आहेत असं धरून आम्ही पुढे गेलो.

शस्त्रक्रिया

रात्री नऊला न्यूरोसर्जननी सुरुवात केली. छिद्राभोवती बदामी आकाराचा छेद घेऊन नळी तोडल्याशिवाय आत आत मागोवा घेत गेले. मणक्यांच्या मागच्या कमानी काढून फेकल्या नाहीत, झाकणासारख्या उचलल्या आणि शेवटी जागेवर बसवल्या. वाढत्या वयात तिथलं हाड नाहीसं झालं तर पुढे कण्याला बाक येऊ शकतो.

मज्जारज्जूभोवतीचं आवरण उघडल्यावर आत सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं. मज्जातंतूंच्या मुळ्या आणि गाठीची साल यांच्यात फरक करणं कठीण. मज्जारज्जूवर मागच्या मध्यरेषेत छोटा छेद घेतला तर हिरवट-पिवळा, भयंकर वास येणारा पू बाहेर आला. तो वास आला की हवेशिवाय वाढणारे जंतू आहेत हे प्रयोगशाळेच्या आधीच कळतं. पू किती? जेमतेम अडीच मिलिलीटर, अर्धा चमचा. तेवढ्याने दोन पाय, मूत्राशय आणि आतडं बंद पाडलं होतं.

पू निघाला. आता प्रश्न गाठीच्या सालीचा होता. साल थोडीशी जरी राहिली तरी तिच्यातून पुन्हा कोंडा साठतो आणि गाठ परत वाढते. म्हणून संसर्ग नसताना पहिल्याच शस्त्रक्रियेत सगळं काढायचं हा नियम. पण सुजलेल्या, पुवाने मऊ पडलेल्या मज्जारज्जूवरून साल ओरबाडायची म्हणजे सालीसोबत मज्जारज्जूही सुटून येणार. पायांच्या आणि गुदद्वाराच्या स्नायूंवर विजेचे संदेश मोजणारं यंत्र लावलेलं होतं. डाव्या बाजूला साल ओढली की तिथले संदेश मंदावत. दोनदा तसं झालं. सर्जन थांबले आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मज्जारज्जूला चिकटलेला तसाच सोडला.

यावर आमच्यात नंतर मतभेद झाले. एका सहकाऱ्याचं म्हणणं, तेवढ्यासाठी मूल पुन्हा टेबलावर येणार. माझं मत वेगळं आहे. पू काढणं ही त्या रात्रीची निकड होती, साल नव्हती. आज राहिलेली साल दोन वर्षांनी स्वच्छ जागेत काढता येते. त्या रात्री गमावलेली मुळी कधीच परत मिळत नाही.

नळी आवरणाच्या आत जाते की नाही हे एमआरआयमध्ये दिसलं नाही तरी आवरण उघडून बघावं, असं न्यूरोसर्जन का म्हणतात तेही त्या रात्री कळलं. पाण्यात तरंगणारा एक मिलिमीटरचा धागा चित्रात हरवून जातो.

सहा आठवडे

पुवाच्या कल्चरमध्ये दुसऱ्या दिवशी प्रोटियस मिराबिलिस आला. प्लेटवर लाटांसारखा पसरणारा हा जंतू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लांबूनही ओळखतात. काही दिवसांनी बॅक्टेरॉइड्सही वाढला. व्हॅन्कोमायसिन बंद केलं, बाकी दोन चालू ठेवली, शिरेतून सहा आठवडे. तोंडाने औषध देऊन लवकर घरी सोडा असा आग्रह घरून झाला. तो मानला नाही.

जखम आणि गुदद्वार यांच्यात फक्त पाच-सहा सेंटिमीटर. परिचारिकांनी जखमेच्या खालच्या कडेला प्लास्टिकची चिकटपट्टी आडवी लावून पडदा केला, म्हणजे शी वर सरकू नये. उपाय दिसायला क्षुल्लक, पण या शस्त्रक्रियेनंतर जखम पुन्हा चिघळली तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. सुरुवातीचे काही दिवस मुलीला आडवंच ठेवलं, आवरणाच्या टाक्यांतून पाणी झिरपू नये म्हणून.

सहाव्या दिवशी ताप परत आला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. पुन्हा एमआरआय केलं, नवा पू नव्हता. सीआरपी, म्हणजे रक्तातला दाह मोजणारी चाचणी, ९६ वरून ३१ वर उतरलेली, तीही पुढे उतरतच होती. डर्मॉइडमधला तेलकट ऐवज पाण्यात सांडला की जंतूंशिवायही आवरणाचा दाह होतो. औषध बदलायचा मोह आवरला, थोडे दिवस डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं औषध दिलं, ताप उतरला. डोक्याचा घेर रोज मोजत होतो, कारण अशा संसर्गानंतर मेंदूतलं पाणी अडू शकतं. आई टाळूवर हात ठेवून बघायला शिकली. आमच्या टेपपेक्षा तिच्या हातावर माझा अधिक भरवसा होता.

उजवा पाय तिसऱ्या आठवड्यात बराचसा परत आला. डावा गुडघा हलू लागला, घोटा नाही.

मूत्राशय

पाय सगळ्यांना दिसतात, म्हणून नातेवाईक पायांबद्दल विचारतात. अशा मुलांचं पुढचं आयुष्य ठरतं ते बहुतांशी मूत्राशयावर. मूत्राशयाच्या दाबाची तपासणी केली तर दाब फार जास्त निघाला आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू भलत्याच वेळी आवळला जात होता. असं मूत्राशय लघवी उलटी मूत्रपिंडांकडे ढकलतं, आणि तिथलं नुकसान वर्षानुवर्षं गुपचूप होत राहतं.

आईला नळी घालून लघवी काढायला शिकवलं, दिवसातून पाच वेळा. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते आणि ती म्हणाली, "मी तिला दुखवतेय असं वाटतं." परिचारिकेने स्वतः न करता तिच्याच हातून तीनदा करवून घेतलं. चौथ्या वेळी ती मुलीशी बोलत बोलत करू लागली. नळी लॅटेक्स नसलेली द्यायची. या मुलांच्या अंगाला लॅटेक्स वारंवार लागत राहतं आणि त्याची तीव्र ॲलर्जी त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळते. दाब कमी करायला ऑक्सिब्युटिनिन सुरू केलं. त्याने बद्धकोष्ठ वाढतं, म्हणून शी मऊ ठेवायचं औषध सोबत. मूत्रपिंडांची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी.

कोणत्या खळीची काळजी करायची

हे प्रकरण वाचून बाळाची पाठ बघायला धावणाऱ्या आईवडिलांसाठी हा भाग आहे, आणि तो मोठा आहे, कारण घाबरवणं सोपं असतं. शंभरातल्या दोन ते चार नवजात बाळांना माकडहाडाजवळ खळी असते. ती नितंबांच्या घळीत, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, पाच मिलिमीटरपेक्षा लहान, मध्यरेषेवर आणि एकटीच असेल, तर तिला खळीच म्हणावं आणि सोडून द्यावं. तिथून मज्जारज्जूपर्यंत वाट नसते. अशा प्रत्येक बाळाचं एमआरआय करत बसलो तर विनाकारण शेकडो बाळांना भूल द्यावी लागेल.

घळीच्या वर असलेलं कोणतंही छिद्र वेगळं. तसंच सोबत केसांचा झुबका, लाल डाग, चरबीची गाठ, कातडीचा लोंबता तुकडा किंवा वाकडी गेलेली घळ असेल तर वेगळं. ओलसरपणा किंवा स्राव असेल तर त्याच आठवड्यात दाखवावं. 'तळ दिसतो म्हणजे काही नाही' असं अनेकदा म्हटलं जातं. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. तळ दिसणं बाळाच्या गुबगुबीतपणावर आणि बघणाऱ्याच्या उजेडावर ठरतं. जागा मोजता येते, म्हणून जागा मोजावी.

आणि हे लवकर करण्यात फायदा आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांच्या मागच्या कमानी पुरत्या हाडाच्या झालेल्या नसतात, त्यामुळे साध्या सोनोग्राफीत मज्जारज्जू कुठे संपतो ते दिसतं. भूल नाही, सुई नाही. या मुलीचं दुसऱ्या महिन्यात तसं झालं असतं तर मज्जारज्जू खाली आहे हे कळलं असतं, आणि पू होण्याआधी नळी शांतपणे काढता आली असती.

कातडीवर काहीच नसताना अशा वाटा असू शकतात, हेही इथेच नोंदवते. त्रिकास्थी अर्धवट, गुदद्वार अरुंद किंवा जन्मतः बंद, आणि त्रिकास्थीच्या पुढे गाठ, या त्रयीला १९८१ पासून करारिनो यांच्या नावाने ओळखतात. तिथे आतड्यातून मागच्या आवरणात वाट असू शकते आणि पाठ अगदी स्वच्छ दिसते. जन्मापासून बद्धकोष्ठ असलेल्या बाळाला शीमधल्या जंतूंचा मेंदूज्वर झाला तर कण्याच्या पुढच्या बाजूलाही बघावं. आणि मेंदूज्वर दुसऱ्यांदा झाला, किंवा पहिल्यांदाच पण भलत्या जंतूचा झाला, तर डोक्यामागच्या केसांपासून माकडहाडापर्यंत मध्यरेषा बोटाने चाचपावी, नाक आणि कानही बघावेत. याला दोन मिनिटं लागतात.

पुढचं

एकोणीस महिन्यांची असताना ती चालायला लागली, डाव्या घोट्याला आधाराची पट्टी लावून. वर्षानंतरच्या एमआरआयमध्ये सोडलेल्या सालीच्या जागी चार मिलिमीटरचा ठिपका होता, आणखी चार महिन्यांनी तो नऊचा झाला. पाय किंवा मूत्राशय बिघडायची वाट न बघता सव्वादोन वर्षांची असताना पुन्हा शस्त्रक्रिया केली. या वेळी आत मोत्यासारखी पांढरी गाठ होती, पू नव्हता, कल्चर कोरं. साल मज्जारज्जूवरून सुटी झाली आणि संदेश एकदाही मंदावले नाहीत. माझ्याशी वाद घातलेल्या सहकाऱ्याने फोटो बघितला आणि काही बोलला नाही. मीही बोलले नाही. दुसऱ्यांदा भूल दिली गेली ती त्या मुलीला, आम्हाला नव्हे.

लघवीची नळी चालूच आहे आणि बहुधा राहील. मज्जारज्जू व्रणाला चिकटून पुन्हा ताणला जाऊ शकतो, विशेषतः उंची झपाट्याने वाढते त्या वयात. म्हणून दर भेटीला चाल, घोटा, शी, लघवीची डायरी आणि पाठीचा बाक बघतो. डायरीत रात्री दहाची नोंद वेगळ्या अक्षरात असते. ती नळी आजी घालते.